उंबऱ्यावरचे मासे

आवडी, चेन्नई
रविवार, ८ डिसेंबर

विहीणबाई पेरीन यांना आवडीहून अन्नपूर्णाबाईचा दुरूनच नमस्कार.

मी बरी आहे. तुम्हीही बऱ्याच असाल. तुम्हाला साधी शिंक आली तरी तुमची सून, आमची चंद्रिका, मला फोन करून कळवते, आणि या आठवड्यात तसा फोन आला नाही. इकडे पाऊस थकला एकदाचा. जिन्याच्या भिंतींची ओल मात्र हटत नाही. खालच्या कनकाची सून बाळंत झाली, मुलगी झाली. कनकानं जिलबी वाटली, पण तोंड मुलगा न झाल्याचं होतं. एवढ्याच बातम्या.

पत्र बघून दचकला असाल. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. हे अक्षर ऋजुताचं. पुण्याची पोर, आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे भाग बनवतात तिथं इंजिनिअर आहे. मी तिला आमची डांगर पच्चडी करून घालते, उडदाच्या पिठाची, दह्यातली, आणि ती मला लिहून देते. मी 'मजकडे' म्हटलं की हसते. म्हणते, आजी, असं आता कुणी बोलत नाही. मी म्हटलं, पुण्यानं टाकलं असेल, तंजावरकडच्यांनी नाही टाकलं. तसंच लिही.

नेहमी तुम्हाला 'तू' म्हणते. आज 'तुम्ही' म्हणतेय. का, ते तुमचं तुम्हाला कळावं.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, तुम्ही 'काय? काय?' करता, मग मी ओरडते, आणि सगळ्या बिल्डिंगीला वाटतं मी भांडतेय. शिवाय तुम्ही देवळालीला वाढलेल्या, मराठी शाळेत गेलेल्या. वाचता येतं तुम्हाला. माझं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागावं आणि मध्ये तोंड घालता येऊ नये, म्हणून पत्र.

तर काम असं. आपल्या ऊर्मीच्या नवजोतीचं, म्हणजे तुमच्यातल्या मुंजीचं, आमंत्रण पोचलं. नाताळच्या सुट्टीत आहे, पोरीला पांढरा सुदरा घालणार, कमरेला कुस्तीचा पवित्र दोरा बांधणार, तुमचे धर्मगुरू मोबेद येणार, मंडपात आम्हा सगळ्यांना बसायला जागा आहे, सगळं कळलं. पण मला येता येणार नाही. डावा गुडघा सुजलाय. पाणी झालंय म्हणतात. जिना उतरवत नाही. राग नसावा.

झालं. एवढंच सांगायचं होतं.

ऋजुता म्हणते, आजी, एवढ्यासाठी एवढा मोठा कागद कशाला आणायला लावलात? अर्ध्याहून जास्त कोरा राहतोय. कोरा कागद पाठवणं मला बरं वाटत नाही. वाढलेल्या ताटात नुसतं मीठ असल्यासारखं दिसतं. म्हणून जरा इकडचं तिकडचं सांगते.

त्या दिवशी रॉयपुरमला तुमच्या घरी मी ताटावरून उठले, ते पोट बिघडलं म्हणून, असं मी होशंगला सांगितलं. बिचारा जावई. लगेच ओवा उकळून आणला त्यानं. मी तो प्यायले. पोटाला काहीही झालेलं नसताना पेलाभर कडू ओवा प्यायला लागला, आणि समोर तुमचं धनसाक तसंच राहिलं. खास माझ्यासाठी नुसत्या डाळीचं, मटणाशिवाय केलेलं. मला वास अजून आठवतो.

हे बघ पेरीन, मला ते तुम्ही-तुम्ही जमत नाही. जीभ अडखळते. ऋजुता, इथून 'तू' लिही. मागचं तसंच राहू दे. रागावले होते हे तिला दिसू दे.

तर त्या दिवशी काय झालं ते तुला आठवतं का? तुला नसेल आठवत. टोचणाऱ्याला आठवत नाही. आपण सगळे जेवायला बसलो होतो. होशंग पोरीची परीक्षा घेत होता. 'नवजोत झाली की तू कोण होणार?' ती पटकन म्हणाली, 'पारशी!' तू म्हणालीस, 'पारशी तर तू बापाकडून हायेसच. ती जात झाली. धर्माचं नाव बोल.' ती म्हणाली, 'जरथोस्ती.' 'कशावरून?' 'जरथुष्ट्र पैगंबरांवरून.' 'शाबास. अजून?' 'मज्दयस्नी.' 'म्हंजे?' 'मज्दाला पूजणारी.' 'अजून एक राहिलं बघ, तुझ्या या बपईचं लाडकं.' आणि मग ती पोर अशी खुलली, अशी खुलली! मान वर करून म्हणाली, 'बेहदीन!'

तू टाळी वाजवलीस. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, 'अन्ना, तुला ठाऊक हाय त्याचा अर्थ? बेह म्हंजे भलं, दीन म्हंजे धर्म. भला धर्म. आता आमची ऊर्मी भल्या धर्मात येनार.'

मी विचारलं, 'आणि आजवर कसल्या धर्मात होती? वाईट?'

तू हसलीस. चंद्रिकाही हसली. मी थट्टा करते तेव्हा लोक चिडतात आणि मी चिडते तेव्हा लोक हसतात, हे माझं जन्माचं दुखणं आहे.

'आमची ऊर्मी' म्हणालीस तू. 'आपली' नाही म्हणालीस. मी वर या पत्रात 'आपली' म्हटलंय. ऋजुता, वर तसंच लिहिलंयस ना? दाखव. दाखवून काय उपयोग म्हणा मला.

पोर शाळेत जाईस्तोवर मजकडे वाढली, पेरीन. चंद्रिका सकाळी नोकरीला निघायची आणि हिला माझ्या मांडीवर टाकून जायची. दात माझ्या घरी आला. पहिलं पाऊल आमच्या या जिन्याच्या चौकात टाकलं. बोलायला लागली ती आमचं बोलणं, तमिळ मिसळलेलं. तुझ्याकडे पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तुला 'पाट्टी' म्हणाली आणि तूच मला फोन करून विचारलंस, ही मला शिवी तर देत नाही ना? मी म्हटलं, नाही गं, म्हातारी म्हणतेय. आता तू बपई आहेस, बापाची आई. बपईनं असं सांगितलं, बपई असं करत नाही, बपईचा रवो तुझ्या शिऱ्यापेक्षा मऊ असतो. मऊ असणारच. अर्धा शेर तूप आणि वर अंडं. माझ्या शिऱ्यात अंडं घालता आलं असतं तर मीही दाखवला असता मऊपणा.

आता तुझ्या डब्याचं सांगते. तो पत्र्याचा, तळाला भोकं पाडलेला. तू त्यात चुन्याची पूड भरतेस, उंबऱ्यावर आपटतेस, आणि मासा उमटतो. तुमच्यात दारात तसा चोक घालतात, शुभ असतं, मला मान्य आहे. पण तू तो डबा ऊर्मीला देऊन टाकलास. मी तिला एवढीशी होती तेव्हापासून कोलम शिकवतेय. आधी ठिपके, मग ठिपक्यांभोवती रेघ, रेघ कुठं तुटली नाही पाहिजे, बोटातून तांदळाचं पीठ सारखं पडलं पाहिजे. तिचा हात बसत आला होता. मार्गळीचा महिना तोंडावर आला, सगळ्या बायका पहाटे दारात मोठमोठे कोलम घालतील, मी मनात म्हणत होते, यंदा ऊर्मीचा कोलम बघून कनकाचं तोंड बघण्यासारखं होईल. आणि ही पोर डबा घेऊन आली. टक, टक, टक. माझ्या अर्ध्या कोलमवर मासेच मासे. एका मिनिटात चौक भरला. म्हणाली, 'आज्जी, बघ किती लवकर होतं!'

कनका वर आली. म्हणाली, 'मामी, ब्राह्मणाच्या दारात मासे?'

मी म्हटलं, 'राहायला नाही आले. रॉयपुरमला निघालेत. वाटेत थांबलेत.'

थट्टा केली, पण मला आतून काय झालं ते मी कनकाला सांगितलं नाही. तुला सांगतेय. मला वाटलं, पोरगीही तशीच. रॉयपुरमला निघालेली. वाटेत थांबलेली.

तो डबा हरवला असं ऊर्मीनं तुला सांगितलं असेल. रडली असेल. घरातल्या वस्तू हरवतात कधी कधी. असो.

ऋजुताला मी तो 'बेहदीन' शब्द फोनवर शोधायला लावला. मला बघायचं होतं, तू मला सांगितलेल्या अर्थात कुठं काही खोट सापडते का. नाही सापडली. तू सांगितलास तोच अर्थ. तुमचे लोक फार जुन्या काळापासून आपल्या धर्माला भला धर्म म्हणत आलेत. आणखी एक सापडलं. आपल्याकडे तुमच्यातले जे मोबेदांच्या घरचे नसतात, साधे, त्यांनाही बेहदीन म्हणतात. मी म्हटलं, अय्यो, म्हणजे पेरीन साधीच माणूस आहे! आणि मी समजत होते ती मला मोठेपणा दाखवतेय. मला जरा बरं वाटलं. एवढी मी वाईट आहे.

मग मी विचार केला. माझ्या घरच्या सांबाराला मी चांगलं सांबार म्हणते. त्याचा अर्थ कनकाचं सांबार वाईट, असा होत नाही. म्हणजे ते वाईटच असतं, पण मी तसं म्हणत नाही. ज्याला जे आवडतं त्याला तो चांगलंच म्हणणार. वाईट म्हणून कोण रोज कमरेला बांधेल? हे मला त्याच रात्री कळलं होतं. तरी राग गेला नाही. म्हणजे राग शब्दाचा नव्हता.

काल ऊर्मी आली होती. मी तिला म्हटलं, 'बपईला फोन लाव आणि सांग, आज्जीचा गुडघा सुजलाय, आज्जी नवजोतीला येऊ शकत नाही.'

ती खाली बसली आणि तिनं माझे दोन्ही गुडघे दाबून बघितले. 'आज्जी, कुठला?'

'डावा.'

'हा तर उजव्यासारखाच आहे.'

'आतून सुजलाय.'

'मग सकाळी तू टेरेसवर पापड घालायला कशी गेलीस?'

'तेव्हा सुजला नव्हता. तू फोन लाव.'

ती फोन हातात घेऊन बसली. मग म्हणाली, 'आज्जी, मी नाही सांगणार. मी बेहदीन होणार आहे ना, मला भलं बोलायला लागतं. खोटं नाही चालत. तू सांग. तू बेहदीन नाहीस, तुला चालतं.'

पेरीन, मला सांग. यावर माणसानं काय बोलायचं? पोर चेष्टा करत नव्हती. उलट मला सवलत देत होती. माझा गुडघा कुरवाळत होती.

ऋजुता हसतेय. हसू दे. मीही हसले, नंतर. आधी मला असा जळफळाट झाला म्हणून सांगू! खोटं बोलू नये हे त्या पोरीला शिकवलं कुणी? मी! एवढीशी असताना लाडू पळवून 'काकानं नेला' म्हणायची, तेव्हा तिला मांडीवर घेऊन किती वेळा सांगितलं, लाडू खा हवा तेवढा, पण कावळ्याचं नाव घेऊ नको. तमिळमध्ये कावळ्याला काका म्हणतात, हे तुला ठाऊक आहे, ऋजुताला नव्हतं. इतकी वर्षं मी राबले आणि श्रेय गेलं तुझ्या एका शब्दाला. तो शब्द तिला येऊन चार महिने झाले नाहीत.

म्हणून ते खोटं मला स्वतः पाठवावं लागलं. वर आहे बघ, गुडघ्याचं. लिहिताना ऋजुतानं माझ्याकडे बघितलं होतं. तिनंही काल सकाळी मला टेरेसवर पाहिलंय.

गुडघा बरा आहे.

आता जे सांगायचं नव्हतं तेही सांगते, कारण कागद अजून उरलाय.

तुला आठवतं, एकदा आपण तिघी बाजारातून परत येत होतो आणि वाटेत तू अग्यारीत गेलीस? तू डोक्याला रुमाल बांधलास, आत गेलीस. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. ऊर्मीनं विचारलं, 'बपई कुठं गेली? आपण का नाही जायचं?' मी म्हटलं, 'मला आत जायचं नसतं. तुला नवजोत होईपर्यंत न्यायचं नाही असं बपई म्हणते.' ती म्हणाली, 'मग आपण दोघी बाहेरच्या पार्टीत.' आणि तिनं माझ्या पदरात हात घातला, शेंगदाणे काढले, आणि आम्ही कावळ्यांना एक, आपल्याला एक असे खात बसलो. तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या अंगाला चंदनाचा वास येत होता आणि आम्ही दोघी कशावर तरी हसत होतो. तू विचारलंस, काय झालं? आम्ही सांगितलं नाही. मला तेव्हा किती बरं वाटलं होतं!

आता नवजोत झाली की ती तुझ्या पार्टीत जाणार. तुझा हात धरून आत जाणार. बाकावर मी आणि कावळे.

चंद्रिकाला विचारलं मी. तिलाही आत जाता येत नाही, लग्नापासून ती बाहेरच उभी राहते. 'तुला काही वाटत नाही का गं?' ती म्हणाली, 'अम्मा, होशंग बाहेर आला की मला सगळं सांगतो. मला चालतं.' मला चालत नव्हतं. मी त्या नियमाशी भांडत नाही. आमच्याकडेही कमी दारं नाहीत बंद करून ठेवलेली. मला फक्त ती पोर माझ्या बाजूनं हवी होती, बाकावर.

आज हे पत्र सांगताना मी ऋजुताच्या हाताकडे बघत होते. मी बोलतेय, ती कागदावर काहीतरी काढतेय, आणि तुला ते तिकडे ऐकू जाणार. माझे वडील भावाला घेऊन बसायचे पाटीवर, मी चुलीपाशी. अक्षरांच्या आत मी कधी गेलेच नाही. आमचे हे होते तेव्हा ते पेपर वाचून सांगायचे, मग चंद्रिका सांगायची, आता ही ऋजुता. कुणीतरी आत जातं आणि बाहेर येऊन मला सांगतं आत काय आहे ते. जन्मभर असंच चाललंय, आणि मी काही अडाणी राहिले नाही. तुझ्यापेक्षा चार गोष्टी जास्तच ठाऊक आहेत मला.

तेव्हा असं कर. ती अग्यारीत पहिल्यांदा जाईल तेव्हा मी बाहेर बाकावर असेन. ती बाहेर आली की घरी जायची घाई करायची नाहीस. तिला माझ्याशेजारी बसू द्यायचं आणि आत काय काय पाहिलं ते तिनं मला सगळं सांगायचं, आग कशी दिसते, वास कसा आहे, तू कुठं उभी राहतेस, सगळं. जे सांगायचं नसेल ते नको. पण जे सांगेल ते खरं असेल. आता ती खोटं बोलत नाही, हे मी काल माझ्या गुडघ्यावर शिकले.

डबा हरवलेला नाही. तांदळाच्या पिंपात आहे, तळाशी. मीच ठेवला. ऊर्मी गेल्यावर रात्री काढला आणि एकदा आपटून बघितला. मासा बरा आहे गं तुझा. पण सगळे मासे सारखे, सगळ्यांचं तोंड एकीकडे, रांगेत उभे केल्यासारखे. मग मी पीठ घेतलं आणि हातानं काढून बघितला. आधी जमेना. शेपटी कोलमसारखी वळली. मग ठिपके मांडून घेतले, तीन आणि दोन, आणि त्यांच्याभोवतीनं रेघ नेली. जमला. वळणारा मासा झाला, पाण्यातला. कनका बघून गेली. काही बोलली नाही. तिच्याकडून एवढं पुष्कळ आहे.

नवजोतीच्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं येते. आवडीहून गाडीत बसलं की सरळ रॉयपुरमलाच उतरायचं, कुणी घ्यायला नको. तुझा डबा आणते, तो ऊर्मीचा आहे, तिला परत देईन आणि कुठं होता तेही तिला सांगेन. तुला चालणार असेल तर त्या दिवशी सकाळी मात्र तो वापरू नका. उंबरा धुऊन मोकळा ठेव. मासे मी काढणार आहे, ठिपके ऊर्मी मांडेल. तुमच्या चालीप्रमाणे काही वेगळं घालायचं असेल, तर शेजारी उभी राहून सांग. पाटी-पेन्सिल सोडून मला कुठल्याही गोष्टीत चटकन शिकता येतं.

आणि त्या दिवशीचं धनसाक परत कर. डाळीचंच. या वेळी उठणार नाही.

ऋजुतानं सगळं दोनदा वाचून दाखवलं. गुडघ्याचं खोडू का, विचारत होती. मी म्हटलं, नको. खोटं कुठं होतं आणि कुठं संपलं, ते पेरीनला दिसलं पाहिजे.

मला सही येत नाही. अंगठा उठवायला हा काही सरकारी कागद नव्हे. म्हणून खाली पेनानं एक मासा काढलाय, तो मात्र माझ्या हातचा. ऋजुतानं बोटही लावलेलं नाही. त्याचं तोंड तुझ्या दाराकडे आहे, असं समज.

तुझ्या बाहेरच्या पार्टीतली,
अन्ना